फेरफार केलेल्या वेगवान गाडीची विक्री

कारखान्यातून आलेल्या गाडीचे इंजिन, टर्बो आणि एक्झॉस्ट बदलून तिची ताकद दीडपट-दुप्पट करता येते, आणि सस्पेन्शन व ब्रेक त्या ताकदीला जुळवता येतात. अशी गाडी विकायला मात्र फार अवघड जाते. साध्या जुन्या गाडीचा भाव ठरवायला बाजाराकडे ठरलेले कोष्टक असते: कोणत्या साली घेतली, किती किलोमीटर चालली, कितवा मालक, पासिंग कुठले, सर्व्हिसचा इतिहास आहे का. मॉडिफाय केलेल्या गाडीपुढे हे कोष्टक अपुरे पडते. विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने घातलेल्या पैशांचा हिशेब असतो. घेणाऱ्याला चिंता असते ती आधीच्या मालकाने गाडी किती पिळली असेल याची. भारतात या दोघांमध्ये मोटार वाहन कायदाही उभा असतो. तिढा सुटतो तो एकाच गोष्टीने: गाडीत काय केले, कोणी केले, कधी केले आणि ते पूर्ववत करता येते का, याच्या पुराव्याने. पुरावा असलेल्या बदलाला काही ना काही किंमत येते. पुरावा नसलेल्या बदलापोटी भावातून रक्कम वजा होते, मग तो बदल कितीही महागाचा असो.

कोणत्या गाड्या, कोणते बदल

भारतात ताकद वाढवण्याचा छंद आधी टर्बो नसलेल्या (नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड) इंजिनांवर पोसला गेला. २००० सालच्या सुमाराची होंडा सिटी १.५ व्हीटेक ही त्या पिढीची आवडती गाडी. तिच्यातून आणखी ताकद काढायची तर कॅमशाफ्ट, हेडर, पिस्टन असे खरे यांत्रिक काम करावे लागे, आणि ते इंजिन उघडल्यावाचून दिसत नसे. टर्बो पेट्रोल गाड्या आल्यावर चित्र पालटले. रांजणगावच्या कारखान्यातली फियाट लिनिया टी-जेट आणि २०१५ ची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो, चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आणि २०२१ पासून भारतात जुळणी होणारी ३८७ अश्वशक्तीची बीएमडब्ल्यू एम३४०आय अशी या गाड्यांची परंपरा सांगता येते. यातल्या बऱ्याच गाड्यांचा जन्म महाराष्ट्रात झाला, आणि पुणे-मुंबई पट्ट्यात त्यांचे चाहते आजही मोठ्या संख्येने आहेत.

टर्बो गाडीत इंजिनाला हात न लावता नुसते ईसीयूचे (इंजिन नियंत्रक संगणकाचे) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढते. टर्बोचा दाब, प्रज्वलनाची वेळ आणि इंधनाचे प्रमाण बदलणाऱ्या या रीमॅपला धंद्यात ‘स्टेज वन’ म्हणतात. २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस एवढ्यानेच तीनशेच्या आसपास जाते. ‘स्टेज टू’मध्ये मोकळा डाऊनपाइप, मोठा इंटरकूलर, वेगळा एअर इनटेक आणि त्यांना जुळणारा रीमॅप येतो. ‘स्टेज थ्री’ म्हणजे टर्बोच बदलणे, सोबत इंजेक्टर, इंधन पंप, क्लच आणि प्रसंगी इंजिनाचे आतले भागही. या पायऱ्यांची व्याख्या कोणत्याही मानक संस्थेने केलेली नाही. एका ट्यूनरची स्टेज टू ही दुसऱ्याच्या स्टेज वनपेक्षा सौम्य असू शकते. म्हणून जाहिरातीत नुसते ‘स्टेज टू’ लिहिलेले असेल तर जाणकार गिऱ्हाईक पुढचा प्रश्न विचारतोच: कोणाची फाइल, कोणता पाइप, किती बूस्ट?

विक्रीच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगळाच आहे, तो म्हणजे उलटवता येणारे आणि न येणारे बदल. रीमॅप, चाके, कॉइलओव्हर, एक्झॉस्ट, इनटेक हे काढून मूळ भाग परत बसवता येतात. पत्रा कापून रुंद केलेली चाकांची कमान, वेल्डिंगने जोडलेला रोल केज, कापलेली वायरिंग, बदललेले इंजिन यांचा परतीचा रस्ता फार महाग असतो, कधी तो उरतच नाही. खर्च सारखाच असला तरी बाजार या दोन गटांना सारखे मानत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला (आरसी) तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनाचे मान्यताप्राप्त किट बसवण्याला परवानगीची वाट ठेवली आहे; ताकद वाढवण्याला तशी वाट नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच स्पष्ट केले: उत्पादकाने दिलेली मूळ वैशिष्ट्ये बदलणारा फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने कलम १८२अ आणले. त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नियमबाह्य स्थितीतली गाडी विकणाऱ्या किंवा तशी करून देणाऱ्या व्यापाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. जुन्या गाड्यांचे मोठे व्यापारी जास्त बदललेली गाडी हाती घ्यायला का कचरतात, याचे एक कारण इथे सापडते.

रीमॅपने आरसीवरची घनक्षमता बदलत नाही, म्हणून तो कायद्यात बसतो, असा समज चाहत्यांमध्ये पसरलेला आहे. तो अर्धवट आहे. गाडीचे प्रत्येक मॉडेल रस्त्यावर येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. उत्सर्जन आणि आवाज यांचे प्रमाणपत्र त्या तपासलेल्या स्थितीला मिळालेले असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली गाडी त्या स्थितीत राहत नाही. ध्वनी आणि वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि परवाना तीन महिने स्थगित होण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये पोलिसांनी जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अनेकदा छापून आली आहेत. गाड्यांवरची कारवाई तेवढी गाजत नसली तरी तरतूद दोघांना एकच आहे.

इंजिन बदललेल्या गाडीचा प्रश्न याहून गंभीर असतो. आरसीवर इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक दोन्ही छापलेले असतात. परदेशातून सुट्या भागांच्या नावाखाली आलेले इंजिन बसवले असेल आणि त्याची नोंद नसेल, तर हस्तांतरणासाठी आरटीओत तपासणी झाली की गाडी तिथेच अडते. विमा कंपनीच्या पाहणीतही हेच घडते. अशा गाडीचे इंजिन कितीही उत्तम असले तरी ती रस्त्यावर चालवायची गाडी म्हणून विकता येत नाही, असे मानूनच चालावे. रंगाचीही आरसीवर नोंद असते. पूर्ण रॅप लावून रंग बदललेली गाडी विकताना मूळ रंग कोणता हे सांगायला हवे आणि शक्य असेल तर रॅप काढूनच गाडी दाखवायला हवी. रॅपखाली काय दडले आहे ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात असतेच.

आयात केलेल्या दुर्मीळ गाड्यांना सीमाशुल्काच्या कागदांची जोड लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे बेकायदा आणलेल्या गाड्यांसाठी केरळात मोठी झडती घेतली आणि अनेक गाड्या जप्त केल्या. त्यानंतर आयातीचे कागद नसलेल्या परदेशी गाडीला हात लावणे किती धोक्याचे आहे, हे सर्वांच्या लक्षात आले.

जर्मनीशी तुलना केली तर भारतीय बाजाराची अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. तिथेही मनमानी बदल केला तर गाडीची चालवण्याची परवानगी रद्द होते. पण ट्यूव्ही किंवा डेक्रासारख्या संस्थेचा अभियंता बदल तपासतो, भागाचा चाचणी अहवाल पाहतो आणि योग्य वाटल्यास त्याची नोंद करून देतो. पुढे तो बदल गाडीच्या कागदपत्रांत उतरतो. गाडी विकताना विक्रेता तो कागद पुढे ठेवतो, आणि अमुक चाके, अमुक सस्पेन्शन, अमुक ताकद अधिकृत असल्याचे गिऱ्हाइकाला दिसते. जपानमध्येही रचनेत बदल केला की तपासणी करून तशी नोंद घेण्याची सोय आहे. कॅलिफोर्नियात प्रदूषणाशी संबंधित भागाला हवा संसाधन मंडळाचा मान्यता क्रमांक असेल तरच तो चालतो, आणि जुलै २०२१ पासून तिथल्या धूर तपासणीत ईसीयूचे सॉफ्टवेअर मूळ आहे की बदललेले, हेही पाहिले जाते. हे नियम सैल मुळीच नाहीत. तरीही त्यांत चांगल्या आणि वाईट कामातला फरक कागदावर उतरतो. भारतात तशी नोंद करून घेण्याची व्यवस्था नसल्याने कुशल अभियंत्याचे काम आणि गल्लीतल्या गॅरेजचे काम कायद्यापुढे एकाच रांगेत उभे राहते. ही उणीव दूर व्हायला हवी. सुरक्षित बदलाला तपासणी आणि नोंदणीचा मार्ग मिळाला, तर असुरक्षित बदल आपोआप उघडे पडतील.

पैसा कुठे जिरतो

मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा विक्रीत परत येत नाही, हा या बाजारातला सर्वांत कठोर नियम आहे. मजुरी, रंगकाम, रॅप, डायनोवरचे (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) तास आणि रीमॅपची फाइल यांचे पुढच्या गिऱ्हाइकाकडून जवळपास काहीच मिळत नाही. नामांकित कंपनीची चाके, मोठे ब्रेक, कॉइलओव्हर, सीट यांना सुटे विकले तर बऱ्यापैकी किंमत येते, कारण ते काढून दुसऱ्या गाडीला बसतात. म्हणून भाव ठरवताना केलेल्या खर्चाची बेरीज करू नये. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली, मूळ स्थितीतली गाडी बाजारात कितीला जाते ते आधी पाहावे. त्यात काढून विकता येणाऱ्या भागांच्या सध्याच्या जुन्या किमतीतला काही हिस्सा मिळवावा आणि गिऱ्हाईक पत्करत असलेल्या जोखमीची रक्कम वजा करावी. पुष्कळदा ही वजाबाकी त्या बेरजेपेक्षा मोठी निघते. मग मॉडिफाय केलेली गाडी मूळ गाडीपेक्षा स्वस्त जाते, आणि विक्रेत्याने ते मनाला लावून घेऊ नये.

जोखीम कुठली, याचे उदाहरण पोलो जीटी टीएसआयचे घेता येईल. तिचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स सुमारे २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. कारखान्यातून १७५ न्यूटन मीटर देणारे इंजिन रीमॅपने त्या मर्यादेजवळ नेले की क्लचची झीज वाढते आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. जाणकार गिऱ्हाईक हा संभाव्य खर्च आधीच भावातून कापतो. ऑक्टाव्हिया आरएसचा ओल्या क्लचचा डीएसजी जास्त दणकट असल्याने तिथे कपात कमी होते. ज्या गाडीचा कमकुवत भाग सर्वांना ठाऊक आहे, तिच्यात तो भाग आधीच बदलून बिल ठेवले असेल तर तेवढाच एक खर्च भावात दिसतो.

मूळ गाडी दुर्मीळ असेल तर हिशेब आणखी फिरतो. ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात फक्त २०० आली. २०२५ ची नवी आरएस १०० आणि गोल्फ जीटीआयची पहिली खेप १५० अशी मर्यादित संख्येने आली. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. अशा गाड्यांत वर्षे सरतात तशी मूळ अवस्थेतल्या प्रतींची संख्या घटते आणि त्यांनाच जास्त भाव मिळू लागतो. मूळ एक्झॉस्ट, मूळ चाके, मूळ सीट ज्याने माळ्यावर जपून ठेवली त्याला विक्रीच्या दिवशी त्याचा फायदा मिळतो. काढलेला मूळ भाग भंगारात देणे ही या छंदातली सर्वांत महाग चूक होय.

या नियमाला अपवाद आहेत, पण ते बहुतेक परदेशात सापडतात आणि त्यांची कारणे वेगळी आहेत. एका अमेरिकी चित्रमालिकेत अभिनेता पॉल वॉकरने चालवलेली १९९४ ची नारिंगी टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बॅरेट-जॅक्सन लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. त्याच चित्रमालिकेतली निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ २०२३ मध्ये बोनहॅम्सकडे साडेतेरा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. या किमती इतिहासाच्या आहेत, बोल्ट केलेल्या भागांच्या नाहीत. दुसरा अपवाद नाव कमावलेल्या कार्यशाळांचा. जर्मनीच्या रूफला तिथे गाडी-उत्पादक म्हणून मान्यता आहे, आणि १९८७ ची रूफ सीटीआर ही पोर्शपेक्षा वेगळी, स्वतंत्र गाडी मानली जाते. कॅलिफोर्नियातली सिंगर ही संस्था जुन्या ९११ पोर्श नव्याने घडवते, आणि त्या मूळ गाडीच्या कित्येक पट किमतीला जातात. दोन्हीकडे प्रत्येक गाडीची नोंद, भागांची यादी आणि घडवणाऱ्याची सही असते. पुराव्याची साखळी इतकी पक्की असली की बदल हाच मूल्य वाढवतो.

पुरावा म्हणजे काय

सर्वांत आधी लागते ती फाइल. कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, किती किलोमीटरला बसवला, कोणी बसवला, बिल कुठे आहे, जुना भाग कुठे ठेवला आहे, हे एका तक्त्यात मांडलेले असावे. मॉडिफाय गाडीत इंजिन ऑइल ठरल्या मुदतीच्या आधी बदलले असेल, गिअरबॉक्सचे ऑइल वेळेवर बदलले असेल, तर ती बिले चाकांच्या बिलांपेक्षा मोलाची ठरतात. गाडीची काळजी घेतली जात होती हे त्यांतूनच कळते.

ताकदीचा दावा डायनोच्या आलेखाशिवाय करू नये. आलेख वाचतानाही काळजी हवी. चाकांवर मोजलेली ताकद आणि इंजिनावरची ताकद यांत गिअरबॉक्स आणि शाफ्टमधल्या नुकसानीचा फरक असतो. वेगवेगळ्या बनावटीचे डायनो एकाच गाडीचे वेगवेगळे आकडे देतात, आणि हवामानाची दुरुस्ती कशी लावली यावरही आकडा हलतो. म्हणून त्याच डायनोवरचे आधीचे आणि नंतरचे असे दोन आलेख सोबत असतील तर त्यांवर विश्वास बसतो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरलेल्या ड्रॅग स्पर्धेतली अधिकृत वेळेची नोंद असेल तर ती चांगला पुरावा आहे. पण गाडी स्पर्धेत पळवली हेही त्यातून उघड होते, आणि काही गिऱ्हाइके त्याच कारणाने मागे फिरतात. ही नोंद लपवून ठेवणे मात्र अयोग्य आहे.

इंजिनाच्या तब्येतीसाठी कम्प्रेशन आणि लीक-डाऊन चाचणी करावी. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर पिस्टन, रिंग आणि व्हॉल्व्ह ठीक असल्याचा तो विश्वासार्ह संकेत असतो. टर्बो गाडीत चालू गाडीचा डेटा-लॉगही घ्यावा: बूस्ट मागणीइतका येतो का, नॉक होऊन ईसीयू प्रज्वलनाची वेळ मागे घेतो का, पूर्ण दाबाखाली इंधनाचे मिश्रण पुरेसे दाट राहते का. हा लॉग पाहून चांगला ट्यूनर गाडीबद्दल बरेच काही सांगू शकतो. चाचणी गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये, त्याच्या खर्चाने करू द्यावी. तिला नकार देणाऱ्या विक्रेत्याबद्दल संशय येणे साहजिक आहे.

सॉफ्टवेअरची बाजू पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रीमॅप पुसून मूळ फाइल भरली तरी ईसीयूतला फ्लॅश-काउंटर (सॉफ्टवेअर किती वेळा भरले याची मोजणी) वाढलेलाच राहतो. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या अधिकृत सर्व्हिसमध्ये जोडल्या गेल्या आणि बदललेले सॉफ्टवेअर आढळले, तर कंपनीच्या यंत्रणेत ‘टीडी-१’ अशी खूण पडू शकते. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीचे दावे नाकारले जातात. वॉरंटी शिल्लक असल्याचे सांगून गाडी विकली आणि नंतर ही खूण निघाली, तर ती सरळ फसवणूक ठरते. काही ट्यूनरांचा परवाना गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. हाती धरायच्या ट्यूनिंग यंत्रांपैकी काही एकाच गाडीशी जोडलेली असतात आणि ती आधी सोडवल्याशिवाय दुसरीकडे चालत नाहीत. फाइल गाडीसोबत जाते आहे की नाही, हे सौद्याआधीच ठरलेले बरे.

विक्रीच्या तीन वाटा

पहिली वाट गाडी मूळ स्थितीत आणून विकण्याची. मूळ भाग जपलेले असतील तर भारतात हीच वाट बहुतेकांना सर्वांत शहाणपणाची. गिऱ्हाइकांचे वर्तुळ अनेक पटींनी वाढते, कर्ज देणारी बँक आणि विमा कंपनी अडवत नाही, आरटीओत प्रश्न येत नाही, आणि काढलेले भाग स्वतंत्रपणे विकून वर पैसेही मिळतात. पण मूळ स्थितीत आणल्याने इतिहास पुसला जात नाही. तीन वर्षे स्टेज टूवर पळालेली गाडी आज मूळ पाइपवर उभी असली, तरी तिच्या पिस्टनने आणि क्लचने तो ताण सोसलेला असतो. गिऱ्हाइकाला हे सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे.

दुसरी वाट गाडी जशी आहे तशी दुसऱ्या चाहत्याला देण्याची. इथे गिऱ्हाईक कमी, वेळ जास्त, आणि भावाची घासाघीस तपशीलवार. असे गिऱ्हाईक मिळते ते ट्यूनरच्या गॅरेजमधून, चाहत्यांच्या गटांतून, ट्रॅक डेला आलेल्या लोकांतून. जाहिरातीत भागांची पूर्ण यादी, त्रुटींची यादी आणि खालच्या बाजूची, इंजिन बेची स्पष्ट छायाचित्रे असली की फुकटच्या चौकश्या कमी होतात. ‘फुल्ली लोडेड’, ‘रॉकेट’ असल्या शब्दांनी जाणकार माणूस दुरावतो. या वाटेने गाडी देताना ती कायद्याच्या दृष्टीने कोणत्या स्थितीत आहे, याची दोघांनाही पूर्ण कल्पना असली पाहिजे.

तिसरी वाट सगळे सुटे करून विकण्याची. अपघातात किंवा आगीत सापडलेल्या, किंवा कागदांत कायमची अडकलेल्या गाडीसाठी ती योग्य असते. पण चासी उरली की नोंदणी रद्द करण्याची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. नाहीतर त्या क्रमांकाचा गैरवापर होऊन मूळ मालकाच्या दारात पोलीस येऊ शकतात.

सांगायचे काय, दाखवायचे कसे

वस्तू विक्री अधिनियम १९३० मध्ये गिऱ्हाइकाने स्वतः पारखून घ्यावे हे मूळ तत्त्व आहे. पण भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून दडवणे ही फसवणूक मानली आहे, आणि फसवणुकीने संमती मिळवलेला करार रद्द करता येतो. म्हणून बदलांची यादी विक्री करारनाम्याला जोडून दोघांच्या सह्या घेणे हे विक्रेत्याच्याच संरक्षणाचे आहे.

कायद्याच्या पलीकडे हा जिवाचा प्रश्न आहे. तीनशे अश्वशक्तीची पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी ओल्या घाटात कशी वागते, हे नव्या मालकाला पहिल्या दिवशी ठाऊक नसते. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून ठेवले असेल, एअरबॅग असलेले स्टिअरिंग काढून दुसरे लावले असेल, ब्रेकचे पॅड फक्त तापल्यावरच नीट पकडणारे असतील, तर यांतली एकेक गोष्ट तोंडी आणि लेखी दोन्ही सांगायला हवी. इंधनाचेही तसेच. शंभर ऑक्टेनवर बेतलेला रीमॅप साध्या पेट्रोलवर चालवला तर नॉक होऊन इंजिन खराब होऊ शकते. इंडियन ऑइलचे एक्सपी १०० डिसेंबर २०२० पासून निवडक शहरांतल्या निवडक पंपांवरच मिळते. गाडी लातूरला किंवा गडहिंग्लजला जाणार असेल, तर साध्या पेट्रोलसाठीची सौम्य फाइल भरून देणेच योग्य. घेणारा अगदी तरुण आणि पहिल्यांदाच एवढी ताकद हाती घेणारा असेल, तर त्याच्या घरच्यांसमोर हे बोलायला विक्रेत्याने संकोच करू नये.

टेस्ट ड्राइव्हला आधी विक्रेत्याने स्वतः चालवून दाखवावे. गिऱ्हाइकाचा परवाना पाहून, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसूनच गाडी त्याच्या हाती द्यावी. टोकन घेतले तर पावती द्यावी. रोख रकमेबाबत आयकर कायद्याची मर्यादा आहे: एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. या किमतीच्या गाडीचा व्यवहार बँकेतूनच झाला पाहिजे.

विमा आणि नाव बदलणे

विमा पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरण करताना बदल जाहीर केले नसतील, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी विकल्यावर तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे गेल्याचे मोटार वाहन कायदा मानतो, पण नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे बदलासाठी अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो विक्रेत्याकडेच राहतो आणि त्याच्या पुढच्या गाडीला लावता येतो.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा लागतो. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० भरायचे असतात. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत विक्रीची खबर द्यायची असते. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी लागते आणि मुदत ४५ दिवसांची आहे. थकलेली ई-चलने भरून टाकावीत, आणि त्यांत मोठ्या आवाजाची किंवा काळ्या काचांची चलने असतील तर गिऱ्हाइकाला ती दिसणारच, हे गृहीत धरावे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक केली आहे आणि तिच्याविना आरटीओची कामे अडतात. नक्षीदार अंकांची प्लेट हौसेने लावलेली असेल तर ती विक्रीपूर्वीच काढावी. व्यापाऱ्यामार्फत गाडी द्यायची असेल तर तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत विक्रेता आहे का ते पाहावे. तसा असेल तर गाडी ताब्यात दिल्याची नोंद परिवहन खात्याच्या पोर्टलवर होते आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते. अशा व्यापाऱ्याला डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानुसार आपल्या नफ्यावर १८ टक्के कर भरावा लागतो, आणि तो देऊ करत असलेल्या भावात हे गणित धरलेले असते.

नुसत्या सह्या केलेले हस्तांतरणाचे (टीटी) फॉर्म देऊन चावी सोपवण्याची जुनी सवय या गाड्यांबाबत सर्वाधिक धोक्याची आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात, गाडी पुढे अनेक हातांतून विकली गेलेली असतानाही, नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच मालक मानून भरपाईसाठी जबाबदार धरले. पोर्टलवर नव्या मालकाचे नाव दिसेपर्यंत त्या गाडीने केलेल्या प्रत्येक अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते. म्हणून गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्यावी, हस्तांतरणाचा अर्ज स्वतःच्या डोळ्यांदेखत दाखल करावा आणि आरसीवर नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नये.